चारी भिंतींना आरसे

आमच्या घरात आरसा नव्हता. स्वतःचं तोंड बघत बसणं म्हणजे पाप, असं आमचा पंथ सांगायचा. मी घरही सोडलं, पंथही सोडला, पार्लर काढलं आणि उट्टं काढल्यासारखे चारी भिंतींना आरसे लावले. देवाचा विचार करायला आता फुरसत नसते. खुर्चीतली बाई हसत उठली की माझा दिवस सार्थकी लागतो.

परवा अचानक आई आली.

"मान दुखते गं, एवढे केस झेपत नाहीत आता. कमी कर. पण मी डोळे उघडणार नाही," असं बजावून ती खुर्चीत बसली आणि तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

मी कात्री चालवायला लागले. कामात इतकी रमले, की खुर्चीत आई आहे हेही विसरले. मध्येच मान वर केली, तर आरशात आईचा एक डोळा उघडा.

"आई, पाप लागेल हं."

"मी कुठे स्वतःकडे बघतेय? तुझ्याकडे बघतेय," आई म्हणाली. "प्रार्थनेला बसलीस की चेहरा असा ठेव, म्हणून किती मागे लागायचे तुझ्या. थांबू नकोस, काप."