कोरडी खोली

"हात नको लावूस," दातांचा डॉक्टर म्हणाला, "बोटांना घाम असतो."

कॅमेरा क्लबातल्या मित्रानं पुढे केलेला हात मागे घेतला. तो गुराढोरांचा डॉक्टर. सकाळीच कुणाची तरी अडलेली गाय सोडवून आला होता, आणि घामावरून आजवर त्याला कुणी टोकलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिला नवऱ्याचं पुढचं सगळं पाठ होतं. नवा माणूस आला की आधी हात, मग घाम, मग बुरशी.

"बुरशी!" नवरा म्हणालाच. "लेन्सला एकदा धरली की संपलं. म्हणून हे खास कपाट. विजेवर चालतं. आत ओलावा कायम पंचेचाळीस टक्के, ना कमी ना जास्त."

काचेच्या दारामागे निळसर उजेडात कॅमेरे आणि लेन्स सराफाच्या दुकानातल्यासारखे मांडून ठेवले होते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. याचं भरलं होतं, वर हे कपाटही आलं होतं.

"आणि फोटो कुठायत?" मित्रानं भिंतींकडे पाहत विचारलं. भिंती मोकळ्या होत्या.

"काढायचेत ना. जरा सवड मिळू दे." नवऱ्यानं उठून पडदा ओढला. ऊन कपाटाच्या पायापर्यंत आलं होतं.

बायकोनं कप पुढे केले. पूर्वी तिला नवऱ्याचा राग यायचा. आता येत नसे. राग यायलाही समोर काहीतरी वजनाचं लागतं.

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. थांबेना.

"आई का? बऱ्या आहेत ना?" मित्रानं विचारलं.

"बरी आहे की. मागच्या खोलीत असते हल्ली. आधी इथं होती," नवरा म्हणाला. "पण मागची खोली फार ओलसर आहे रे. भिंतीचे पोपडे सुटतात. तिथं कॅमेरे कसे ठेवणार?"

दाढ किडलीय हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. मित्राचा कप ओठांपाशीच थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं नजर खाली वळवली नाही. आपल्याला ऐकू येतं ते आणखी कुणाला येतं का, हे तिला एकदा बघायचंच होतं.

"अरे पण," मित्र सावकाश म्हणाला, "हे कपाट ओल्या खोलीतही चालतं. त्यासाठीच तर घेतात. कोरडी खोली असली तर साधा झाकणाचा डबासुद्धा पुरतो."

हे बायकोला नवीन होतं. सासूबाईंचं अंथरूण मागे हलवलं तेव्हा ती भांडली होती, हरली होती, आणि एवढंच समजून गप्प बसली होती की माणूस दगड असला तरी त्याचं कारण खरं असेल.

"तुम्हाला माहीत होतं हे?" तिनं विचारलं.

"माहीत असण्याचा प्रश्न नाहीये," नवरा वैतागला. "अगं, मागच्या खोलीत कॅमेरे बघायला कोण जाणार?"

आत पुन्हा खोकला आला, या वेळी दबका. पाहुण्याला त्रास नको म्हणून तोंडावर हात धरलेला.

बायकोनं वाकून कपाटाचा प्लग उपटला. निळा उजेड विझला.

"अगं! अगं, ओलावा शिरेल!"

"वहिनी, खालून मी धरतो," मित्र बाह्या सरसावत म्हणाला. "वासरापेक्षा हलकंच असेल."

दोघांनी कपाट उचललं. नवरा दोन्ही हात पसरून मागे मागे चालला, काही सांडणार असल्यासारखा. कुठंही हात न लावता तो "हळू", "चौकट सांभाळा" असं ओरडत होता. मागच्या खोलीत म्हातारी पलंगावर उठून बसली होती. तिच्या उशीमागची भिंत काळी पडली होती.

"त्याला नको असेल तर राहू दे गं," ती सुनेला म्हणाली. "मला सवय झालीय."

"सवय भिंतीला झालीय, आई. तुम्ही उठा."

पलंग पुढच्या खोलीत आला. बायकोनं पडदा सरकवला. म्हातारी उन्हात बसली, डोळे मिटले आणि तोंड खिडकीकडे करून नुसता श्वास घेत राहिली.

मित्र तिच्याकडे बघत उभा होता. "काढ की एक फोटो," तो म्हणाला. "एवढा संसार मांडलायस, आईचा तरी काढ."

नवऱ्याला नाही म्हणता येईना. मागे जाऊन त्यानं सगळ्यात मोठा कॅमेरा आणला, फुंकर मारली, लेन्स चढवली. लेक आपला फोटो काढणार एवढं म्हातारीनं ऐकलं आणि तिची लगबग सुरू झाली. केस सारखे केले. चष्मा काढून मांडीखाली लपवला. हनुवटी वर केली.

बायको नवऱ्याच्या मागेच उभी होती. त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. कॅमेऱ्याचा छोटा पडदा काळाच. इतक्या निगराणीत बॅटरी भरायची तेवढी राहून गेली होती.

क्षणभर तो तसाच कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिला. मग त्यानं जिभेनं हळूच "टक्" केलं.

मित्र खिडकीबाहेर बघू लागला. बायकोच्या तोंडाशी शब्द आले होते. म्हातारीचा चेहरा बघून तिनं ते गिळले.

"आला का रे चांगला?" म्हातारीनं विचारलं.

"छान आला, आई."

"मग अजून एक काढ," ती म्हणाली, आणि हनुवटी आणखी थोडी वर केली.