वधूपित्याचं भाषण

फिंटन माईक घेऊन उभा राहिला.

हॉलमध्ये दीडशे माणसं खुर्च्या वळवून बसली होती. वधूचा हा काका भाषणात किती मिनिटं टिकतो यावर टेबलाटेबलावर पैजा लागल्या होत्या. साऱ्या क्लेअर परगण्यात लग्नातल्या भाषणासाठी एकच नाव घेतलं जायचं, फिंटनच्या भावाचं, मालाकीचं. लोक त्याला परक्यांच्या लग्नातही बोलायला न्यायचे. आज त्याच्याच मुलीचं, शिवॉनचं लग्न होतं, आणि मालाकी जाऊन आठ महिने झाले होते. पहिलं भाषण वधूपित्याचं. बाप नसेल तर काकाचं.

"मित्रहो," फिंटन म्हणाला. पुढचं काही आठवेना.

शेजारून त्याच्या भावजयीनं, नोरीननं, बाही ओढली. "खाली बस. माईक दे इकडे."

"तू? तू चारचौघांत कधी..."

"दे म्हणते ना."

पलीकडून फादर कॉस्टिगन हळूच म्हणाले, "नोरीन, हे बापाच्या बाजूनं व्हायचं असतं. आईनं आपले डोळे पुसायचे."

"ते सकाळीच उरकलंय, फादर," म्हणत ती उभी राहिली.

"ओवेन," ती जावयाला म्हणाली, "ही सहा वर्षांची असताना गोठ्यात बसून गायची. गाय आटली आमची. तेव्हा ही गायला लागली की कान झाक. आणि गप्प बसली..." ती थांबली. माणसं पुढे झुकली. "तर बाबा, पळ."

हॉल हशानं दणाणला. तो ओसरू देऊन तिनं आवाज खाली आणला. "शिवॉन, बापानं तुला समुद्रात पोहायला शिकवलं. 'माझा हात आहे खाली,' म्हणायचा. हात त्यानं केव्हाच काढलेला असायचा. तू तरंगत राहायचीस. आजही तसंच समज, बाळा. आहे त्याचा हात खाली."

शिवॉन रडता रडता हसली. सगळा हॉल उठून टाळ्या वाजवू लागला. फादरही उठले.

फिंटनच्या अंगावर काटा आला होता. तेच थांबणं. आवाजाचा तोच उतार.

"अगदी मालाकीसारखं बोललीस गं," तो म्हणाला.

नोरीननं पाण्याचा ग्लास रिकामा केला.

"नाही रे. मालाकी माझं बोलायचा. सगळी भाषणं मीच लिहून दिलेली."