स्थळाचं पाणी

गजेंद्रने पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. "काका, तुमी सांगितलं तशी विसळून भरली," तो म्हणाला आणि हसला. हसताना दातांवरचे तपकिरी पट्टे दिसले, तसे त्याने ओठ मिटून घेतले.

मयुरी खिडकीपाशी उभी होती. डबा द्यायचं निमित्त काढून ती बाबांच्या प्रयोगशाळेत आली होती. मागच्या रविवारी देवळीहून हा मास्तर तिला बघायला आला, तेव्हा तिच्या बाबांनी, पुंडलिकरावांनी, ना पगार विचारला ना शेती. त्याचे दात पाहिले आणि म्हणाले, "घरच्या पाण्याची बाटली आणून द्या. मग बोलू." फ्लोराइडच्या पाण्याने आधी दातांवर असे पट्टे येतात, मग हाडं धरतात; ऐन तिशीत वाकलेली माणसं त्यांनी गावोगाव पाहिली होती. पाणी वाईट निघालं तर बाबा नाही म्हणतील, हे मयुरीला ठाऊक होतं. आणि गजेंद्र तिला आवडला होता.

पुंडलिकरावांनी इलेक्ट्रोड उचलला. मशीनला जोडलेली, पेनाएवढी काळी कांडी. ज्यांत किती फ्लोराइड आहे ते आधीच माहीत आहे, अशा द्रावणांत ती एकेक करून बुडवायची आणि मशीन बरोबर सांगतं का ते पाहायचं. बाहेरचं पाणी त्यानंतर.

"काका आमच्या बाटलीले हातच लावून नाई राह्यले," गजेंद्र हळूच म्हणाला.

"आधी मशीनची परीक्षा. तुमचा नंबर मागून," मयुरी म्हणाली. "मास्तर असून एवढी घाई?"

शेवटी बाटलीतलं थोडं पाणी ग्लासात आलं, कांडी त्यात उतरली. आकडा हलला, डुलला, थांबला. पॉइंट चार. दीडपर्यंत चालतं. मयुरीने सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला.

पुंडलिकराव मात्र आकड्याकडे पाहत होते, मग गजेंद्रच्या दातांकडे. त्यांनी कांडी धुतली, टिपली, नवी द्रावणं करायला घेतली.

"बाबा, आलं ना चांगलं?"

"मशीन चुकून राह्यली असन."

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा पॉइंट चार. पुंडलिकरावांनी चष्मा काढला.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "मंग खोटं कोण बोलून राह्यलं?"

गजेंद्रचे कान लाल झाले. "काका, हे आमच्या बोरचं नाई. मी बोरचं भरलं होतं. आईनं ओतून देल्लं. म्हणे, सोयऱ्यांच्या घरी काय असलं पाणी नेतं? टेकडीपल्याड भैयाजीची विहीर आहे, तिचं आणून भरलं. तपासाले पाह्यजे म्हटलं, तर तिले समजेच ना." तो जरा थांबला. "आल्याबरोबर सांगणार होतो. यांना इथं पाह्यलं अन् तोंडच उघडलं नाई."

मयुरीने खिडकीबाहेर पाहिलं.

"तुमी घरी कोणतं पिता?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"बोरचंच. दारात आहे. तितक्या लांबून रोज कोण आणते?"

"आज आणलं ना आईनं."

"हो. गुडघे धरू धरू गेली. मी जातो म्हटलं, तर ऐकलं नाई. म्हणे, तू चांगलं गाळून नाई घेणार."

पुंडलिकरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. बाबा आता काय म्हणणार ते मयुरीला कळेना. इतकी वर्षं त्यांना पाहूनही कळेना.

"लुना आहे ना तुमच्याजवळ?"

"आहे."

"दोन कॅन बसतात तिच्यावर?"

गजेंद्र आधी गोंधळला, मग घाईघाईने म्हणाला, "बसतात काका. रोज आणीन. यांच्यासाठी, आईसाठीबी."

"आईसाठी आधी. लग्नाची वाट नका पाहू. उद्यापासून."

बाटलीत अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं. तपासून उरलेलं पाणी मोरीत ओतायचं असतं. पुंडलिकराव बाटली घेऊन मोरीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. प्रयोगशाळेत कुणी घोटभर चहा घेतला तरी त्याला बाहेर काढणारा हा माणूस. त्यांनी मान मागे टाकली आणि बाटलीला ओठ न लावता, वरून धार धरून, सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग मिशा पुसत ते गजेंद्रला म्हणाले, "आईले सांगजा, पाणी गोड आहे."