तळ्याची साक्ष

"हे सगळं ऐकीव झालं." वारसा समितीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं कोणी आहे का?"

गाव लिंबाखाली बसलं होतं. समोर जुनं दगडी तळं होतं; म्हणजे नुसता गाळ, वेड्या बाभळी आणि मधूनच वर आलेली एखादी पायरी.

भागवत महाराज उठून उभे राहिले. पंचक्रोशीत कीर्तन करणारा हा माणूस या तळ्यासाठी जालन्याच्या चकरा मारून थकला होता. नियम साधा होता. तळं पूर्वी सगळ्या गावाला खुलं होतं हे सिद्ध झालं, तर ते सार्वजनिक वारसा ठरणार, गाळ निघणार, पायऱ्या होत्या तशा बसणार. नाहीतर मालकी भुजंगरावांची. त्यांना तळं बुजवून मंगल कार्यालय बांधायचं होतं. मुरमाचे हायवा ट्रक वाटूरच्या रस्त्यावर भरून उभे होते.

"महाराज, कीर्तनात टाळ वाजला की लोक माना डोलवतेत," भुजंगराव म्हणाले. "हितं साक्ष लागती. आमच्या पणजोबाचं खाजगी तळं हाय हे."

"पाणी देवाचं, भुजंगराव. ते खाजगी कसं?"

"मंग देवालाच बोलवा साक्षीला."

माणसं हसली. महाराजही हसले. "देव न्हाई, पण बेबीनंदा आजीला आणतो," ते म्हणाले.

"तिला कशाला?" त्यांची आई झुंबरबाई एकदम बोलली. "गुडघे धरलेत तिचे. दुसरं कुणी बघ."

"दुसरं कोण राह्यलंय? मंग तू सांग."

"मला न्हाई आठवत."

महाराज गाडीवर जाऊन आजीला घेऊन आले. याच गावात जन्मलेली, याच गावात दिलेली. अंगणवाडीत खिचडी शिजवून तिने निम्मं गाव वाढवलं होतं. ती खोटं बोलत नाही, हे भुजंगरावांनाही कबूल होतं. महाराजांनी तिला आपली खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या स्वतः पुढे केला. भरल्या तळ्याच्या काठावर एकदा उभं राहून नाम घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"आजी, तुम्ही तळ्यात पाणी पाहिलंय?" बाईंनी विचारलं.

"बघितलं न्हाई तर! काठोकाठ ऱ्हायचं. उगवतीच्या अंगाच्या पायऱ्या शेवाळलेल्या. बाया तिकडून न्हाई उतरायच्या, मावळतीकडून उतरायच्या. मधी देवीचा कोनाडा व्हता. तिला हळदीकुंकू वाहून मंगच घागर बुडवायच्या. ह्या महाराजाची आजी तर गाणं म्हणत वर यायची. अजून कानात हाय माझ्या."

महाराजांचे डोळे भरून आले. बाईंचं पेन भराभर चालू लागलं. त्यांनी एक माणूस पाठवला. त्याने मावळतीकडची बाभळ बाजूला केली, तर कोनाडा खरंच होता. कुंकवाचा डागसुद्धा होता. कोणीतरी टाळी वाजवली. भुजंगराव उठले, धोतर झटकलं आणि पुन्हा खाली बसले.

"आता शेवटचं," बाई हसून म्हणाल्या. "म्हणजे सगळं गाव इथे पाणी भरायचं?"

आजीने झुंबरबाईकडे पाहिलं. झुंबरबाईने पदर पुढे ओढून घेतला.

"घाबरू नका, आजी," महाराज तिच्या पायाशी बसत म्हणाले. "जे खरं हाय तेच बिनधास्त सांगा."

आजीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"गाव भरायचं, बाई. आमी गावकुसाबाहेरच्या बाया काठावर घागरी मांडून उभ्या ऱ्हायचो, कुणाला कीव आली तर लांबूनच ओततील म्हणून."