दुसरी सही
जड अणू आदळून फुटतो, तुकडे पुन्हा फुटतात आणि अभ्रकाच्या पट्टीवर चार फाट्यांची खूण उरते. सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्या धुंडाळताना अशी खूण तिला नवव्या दिवशी सापडली, तेव्हा हसायचंही त्राण उरलं नव्हतं. दोघांनी पाहून सही केल्याशिवाय खूण धरायची नाही, असा प्रयोगशाळेचा नियम. पट्टी भिंगाखालून काढून पुसता पुसता तिने हे काम शिकवणाऱ्या काकांना हाक मारली. चाक फिरवत सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहून काका म्हणाले, “वा! चारही फाटे ठसठशीत! आण वही.” त्यांनी झोकात सही ठोकली. तिची नजर हातातल्या फडक्यावर गेली. पट्टी अजून त्यातच होती, परत लावायची राहून गेलेली. “काका, डोळे दाखवलेत का हो?” “कशाला? लख्ख दिसतंय की!” तिने मागची पानं चाळली. पानोपानी सह्या दोन होत्या; पाहणारे डोळे चारऐवजी कधीपासून दोनच होते, कोण जाणे.