उपाशी पट्ट्यातले तेलताड

पानं तपासणाऱ्या यंत्राने बाहेर ढकललेला कागद संशोधक बाईंनी दोनदा मनात वाचला, तिसऱ्यांदा मोठ्याने. खत घातलेल्या, पोसक्या पट्ट्यातल्या तेलताडांच्या पानांत पोटॅश १.०८ टक्के. उपाशी पट्ट्यातल्या पानांत १.०६.

म्हणजे तीन वर्षं खताचा कणही न मिळालेली झाडं पोटभर जेवलेल्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती! माती एक, पाणी एक, फरक फक्त खताचा, आणि तोही पानांत दिसत नव्हता.

बाईंच्या अंगात वारं शिरलं. दुपारी समिती येणार होती. प्रयोगातून काही निघालं नाही, तर दोन्ही पट्टे तोडून तिथे गोदाम बांधायचं ठरलं होतं. झाडांबरोबर बाईंची नोकरीही जाणार होती.

पण बाई ताकही फुंकून पिणाऱ्या. चुकीची झावळी कापली गेली? छे, तपासणीसाठी ठरलेली सतरावी झावळी त्यांनी स्वतः शेंड्यापासून मोजली होती. पिशव्यांची अदलाबदल? चिठ्ठ्यांवरचं अक्षर त्यांचंच होतं. राहता राहिल्या मावशी.

खत घालायचं काम मावशींचं. त्या खिडकीखालच्या बाकावर केळं सोलत बसल्या होत्या. निम्मं तोडून त्यांनी बाईंपुढे धरलं.

"घ्या. एकटीने खाल्लेलं अंगी लागत नाही."

"मावशी, खताच्या गोणी सगळ्या संपल्या ना?"

"सगळ्या. एक कण वाया नाही घालवला. सगळं झाडांच्याच पोटात."

"आणि जास्तीचं खत कुठून आणलं नाहीत ना?"

"मी कुठून आणू बाई? किल्ली तुमच्याकडे. तुम्ही काढून दिलं तेवढंच."

बाईंनी मनाशी हिशेब घातला. यातलं खत तिकडे वळलं असतं, तर पोसकी झाडं उणी पडली असती. त्यांची पानं तर कशी भरलेली! शंका फिटली. बाईंनी केळं एका घासात संपवलं आणि जवळजवळ पळतच सभेच्या खोलीकडे निघाल्या. जाताना मावशींनाही हाताला धरून घेऊन गेल्या.

समितीच्या अध्यक्षांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"मग या झाडांना खताची गरजच नाही म्हणायची?"

"अजिबात नाही!" बाईंचा आवाज चढला. "ही झाडं स्वतःच्या हिमतीवर मातीतून पोटॅश ओढतात. आकडे समोर आहेत."

खोलीत एकच गलका झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी फोन काढला. "गोदाम बांधू दुसरीकडे," अध्यक्ष म्हणाले, "हे साऱ्या जगाला कळवायला हवं." बाईंना हसू की रडू असं झालं. त्यांनी मावशींना पुढे ओढलं.

"निम्मं श्रेय यांचं. तीन वर्षं ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही."

अध्यक्षांनी मावशींना हात जोडले. "मावशी, एका बाजूला गोणीच्या गोणी ओतायच्या आणि शेजारची झाडं उपाशी. तुमचा जीव नाही तुटला?"

"तुटला ना, पहिल्याच दिवशी," मावशी खुलून म्हणाल्या. "म्हणून तर तेव्हापासून दोघांना निम्मं निम्मं घालते. बघा की, कुणालाच कमी पडलं नाही."