हरीला गाठ वर

"येडबा, तू कशाला आलास रे आज?" बन्सीधर मुकादमानं विचारलं. विचारण्यात खोट नव्हती, म्हणूनच येडबाला ते लागलं.

परभणीच्या यार्डात नव्या मालधक्क्याचा तो पहिला दिवस. निजामाच्या रेल्वेची पाटी उतरल्यापासून यार्डाची उलथापालथ चालली होती. रूळ उपटून पलीकडून फिरवले होते. जुन्या धक्क्याचे काळे दगड लाईनीच्या कडेला ढीग होऊन पडले होते. तो धक्का बुटका. कापसाची गाठ छातीपर्यंत उचलावी तेव्हा कुठं वाघिणीत, मालगाडीच्या डब्यात, जायची. नवा धक्का मालगाडीच्या तोंडाला तोंड लावून बांधलेला. मधे फळी टाकायची, हातगाडी ढकलायची, झालं; उचलायचं काही नाही.

"मामा न्हाई आले तर धक्का उघडायचा कसा?" टोळीचा म्होरक्या दत्तराव येडबाकडं बघत मधेच म्हणाला.

येडबाची कंबर कधीचीच गेली होती. तरी हमालांच्या टोळीत त्याचा वाटा पुरा होता. कारण गाठ उठायची ती त्याच्या गळ्यावर. तो 'राम' म्हणाला की हात घालायचे, 'कृष्ण' म्हणाला की दम धरायचा, आणि 'हरी'ला गाठ वर. सगळ्यांची एकदम. सांबप्पाच्या गळ्यात लिंग, घरी महादेवाची भक्ती. पण धक्क्यावर त्याचेही हात हरीलाच उठत. "आमचा महादेव रागावत न्हाई," तो म्हणायचा, "त्यालाबी गाठ जडच लागती." धक्क्यावर कुणी कुणाला रामराम घालत नसे. हात भलत्या वेळी हलायचे.

पोखर्णीच्या नरसिंहापुढं कीर्तनात टाळ धरून धरून येडबाचा गळा तयार झालेला. बुवा सांगायचे, नामानं ओझं हलकं होतं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. येडबानं ते धक्क्यावर आणलं.

गाठ हातगाडीवर चढली. दत्तराव आणि सांबप्पा मागच्या दांड्यांना लागले, आणखी दोघं मागून गाठीला. मल्हारी पुढं जाऊन वाघिणीच्या तोंडाशी फळी दाबून बसला. गाडी कुरकुरत निघाली. बाकी चिटपाखराचा आवाज नाही.

"मामा, म्हणा की," दत्तराव मागं न बघता म्हणाला. "मुक्यानं काम करायला लय वंगाळ वाटायलंय."

येडबा इतका वेळ त्याच शब्दाची वाट बघत होता. त्यानं डोळे मिटले, उजवा हात कानावर ठेवला. सूर असा लागला की पलीकडं दगड फोडणाऱ्या बायकांचे हातोडे थांबले.

"राम… कृष्ण…"

चाक फळीवर आलं.

"हरी!"

चौघांनी उचललं.

कुणी मनात आणलं नव्हतं. हात आपोआप गेले. दांड्या आभाळाकडं, गाडीचं नाक खाली, आणि गाठ फळीवरून घसरत मल्हारीच्या पायावर जाऊन बसली.

मल्हारी ओरडलाही नाही. "आगं आये," एवढंच हळू म्हणाला, जणू घरात बसून हाक मारतोय.

गाठ काढायची तर पुन्हा उचलावी लागणार होती. चौघांनी हात घातले आणि तसेच वाकून राहिले. एकालाही पहिला जोर लावता येईना. सांबप्पानं मान वर करून येडबाकडं बघितलं. येडबानं तोंड उघडलं. शब्द फुटला तो चिरका, रडका. पण हरीला गाठ उठली.

टांगा आला. मल्हारीला दवाखान्यात नेलं. पायाची बोटं राहतील की नाही, ते टांगेवाल्यालाही बघून कळत होतं. बन्सीधरनं धक्क्यावर पाणी ओतायला लावलं आणि निघून गेला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर येडबाला बरं वाटलं असतं.

दत्तराव येऊन त्याच्याशेजारी टेकला. पटका काढून मांडीवर ठेवला.

"मामा, चूक माझी. मीच म्हणा म्हणलं."

"बोल रं पुढं."

"आता नाव घेऊ नका." मग जीभ चावून, "म्हंजे हितं. धक्क्यावर."

येडबानं हातगाडीकडं बघितलं. "मनात घेतलं तर चालंल का?"

"मनात घ्या की. कोण न्हाई म्हणतंय?" दत्तरावचा आवाज बारीक झाला. "पर व्हट हलू देऊ नका, मामा. आमची नजर तुमच्या तोंडाकडंच असती."

"बरं."

"वाटा तुमचा हायच. टोळी काई मागं सरत न्हाई."

"कशाचा वाटा रं, दत्तू?" येडबानं विचारलं. "गप बसायचा?"

दत्तराव उठला. पटका डोक्याला गुंडाळत गाडीकडं गेला.

मल्हारीच्या जागी दुसरा बसला. गाडी पुन्हा कुरकुरायला लागली. येडबा उठून जुन्या धक्क्याच्या दगडांवर जाऊन बसला. ज्या दगडावर तो उभा राहायचा, तो त्या ढिगात कुठं गेला, ओळखू येत नव्हतं.

तिकडं चाक फळीवर आलं. कुणी काही म्हटलं नाही. तरी चौघांचे खांदे क्षणभर वर झाले आणि तसेच खाली आले.

येडबानं त्यांच्याकडं पाठ केली. हात कानाकडं निघाला होता, तो त्यानं वाटेतच डोक्यावरच्या पटक्याकडं वळवला. त्याचं टोक ओढून तोंडात घातलं आणि दातांत घट्ट आवळून धरलं.